वीरूबाईंची कादंबरी: कागदातलं किती, पदरचं किती?

शाहूनगरची (रविवार, रात्री 10:20)

मंडळी, नमस्कार.

इथे मी नुसती वाचत असते, फार तर एखाद्या प्रतिसादाला +१ देऊन पळते. आज धागा काढायची वेळ आली, कारण घरात विचारायला कुणी उरलं नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "तुझ्या बाईसाहेबांना म्हणावं, आधी कुकर लावा."

बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून एक कादंबरी लिहितेय. लिंबची बारा मोटेची विहीर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल (मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायची कातडी पिशवी). पुण्याहून साताऱ्याला येताना महामार्ग सोडून आत वळायचं, उसातून जाणारा रस्ता धरायचा. गावाबाहेर ही विहीर. पायऱ्या उतरून दाराशी आलं की शिलालेख दिसतो. नाव वीरूबाईंचं, साल शके 1641 ते 1646. अठ्ठ्याहत्तर मिळवा, म्हणजे 1719 ते 1724. विहीर अष्टकोनी, आणि तिच्या अंगातच महाल. खांबांवर हत्ती, घोडेस्वार, मारुती, भिंतीवर शरभ. रविवारी लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची तिथे गर्दी असते. विहीर कुणी बांधली म्हणून त्यांना विचारा, "कुठल्यातरी राणीनं" एवढंच उत्तर येतं.

वीरूबाई शाहू महाराजांच्या. या 'च्या'च्या पुढे काय लिहायचं, इथूनच माझं अडतं. सगळीकडे एवढंच मिळतं: शाहू औरंगजेबाच्या कैदेत असताना तिथेच त्यांची लग्नं झाली, त्या लग्नाबरोबर वीरूबाई दासी म्हणून आल्या, आणि पुढे साताऱ्याच्या वाड्यात त्यांचाच शब्द चालायला लागला. फत्तेसिंह भोसल्यांना, म्हणजे पुढच्या अक्कलकोटकरांना, त्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. 1740 साली वारल्या. शाहूंनी फार मनाला लावून घेतलं म्हणतात. झालं. एवढ्या भांडवलावर मला चारशे पानं लिहायचीत.

मग उरलेलं पदरचं घालायचं, पण किती? उदाहरण सांगते. 1719 हे विहिरीचं सुरुवातीचं साल. त्याच वर्षी येसूबाई दिल्लीहून सुटून परत आल्या. 1689 मध्ये रायगड पडला तेव्हापासून त्या मोगलांकडे होत्या, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं. तीस वर्षांनी आई लेकाच्या घरी आली आणि घर चालवतेय ही दुसरीच बाई. त्या दोघी कधी समोरासमोर बसल्या असतील की नाही? मला तो प्रसंग लिहायचाय. कागद नाही. लिहू का?

एक तुकडा खाली देते. झोडपलंत तरी चालेल.

*"वैशाखातलं ऊन. विहिरीभोवती बैल संथपणे गोल फिरत होते. त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांच्या नादावर बारा मोटा एकदम वर येत होत्या. वीरूबाई महालाच्या खिडकीत उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं. पाणी विहिरीत जास्त की डोळ्यांत, हे दासीला कळेना."*

---

मिरजेचा तंबोरा (रविवार, रात्री 10:51)

धाग्याबद्दल धन्यवाद ताई, विषय एकदम जवळचा. सवडीने लिहितो. तूर्त पहिला प्रतिसाद म्हणून जागा अडवली आहे.

ते डोळ्यांतलं पाणी मात्र काढा. विहिरीला पुरेसं आहे.

---

वेण्णाकाठ (रविवार, रात्री 11:15)

मी माहुलीजवळ वाढले. त्यामुळे मला येसूबाईंचं नाव निघालं की आधी एक गोष्ट आठवते. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं अशी कथा. लहानपणी आम्हाला कुणीही विचारलं तरी आम्ही पळत नेऊन ती दाखवायचो. आणि येसूबाईंची समाधी त्याच गावात आहे, हे कळायला अभ्यासकांना जुने कागद उकलत बसावं लागलं! कुत्र्याची जागा गावाला पाठ, महाराजांच्या आईची नाही.

तर प्रसंग लिहा. ज्या बाईची समाधी हरवू शकते तिला एक संध्याकाळ तरी द्या कुणीतरी.

---

कागदकिडा (रविवार, रात्री 11:58)

मी मोडी लिपीतले जुने कागद वाचतो, म्हणजे डोळे फोडून घेतो. त्यामुळे मी इथे खलनायक होणार हे गृहीत धरा.

वेण्णाकाठ, "समाधी हरवली म्हणून संध्याकाळ द्या" हा युक्तिवाद गोड आहे, पण याच गोडव्यातून आपल्याकडे काय काय झालंय बघा. आनंदीबाई पेशवे. "ध चा मा" कुणाला माहीत नाही? नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 चा, शनिवारवाड्यातला. 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं हे आपण शाळकरी वयापासून ऐकतो, वाक्प्रचार म्हणून वापरतो. तो खाडाखोड केलेला कागद कुठल्या दप्तरातून काढून दाखवा म्हटलं की सगळे छताकडे बघतात. पण नाटकवाले, कादंबरीवाले, कीर्तनकार यांनी ते इतक्या वेळा रंगवलं की आता ती बाई त्या एका अक्षरात अडकून पडली. रामशास्त्री प्रभुणे तुमच्या माहुलीचेच, त्यांनी निवाडा राघोबादादांवर सुनावला. लोकांच्या तोंडी शिक्षा झाली ती बायकोला.

म्हणून माझं म्हणणं. माणूस काल्पनिक असेल तर हवं ते करा. नाव खरं घेतलंत की तुमची एक ओळ पुढच्या तीन पिढ्यांचा पुरावा होते. लोक तळटीप वाचत नाहीत.

आता थोडं उपयोगाचं. बायका कागदात कधी येतात? वतनाचा तंटा लागला की येतात. दत्तक घ्यायचा असला, इनाम द्यायचं असलं, कर्ज फिटत नसलं की येतात. आणि मेल्यावर येतात. हसल्या-रडल्याची नोंद कारकून ठेवत नाही, पण कुणाला किती खंडी धान्य द्यायचं, कुठल्या देवळाच्या दिव्याला तेल किती, हे त्यांच्या हुकमाने लिहिलेलं सापडतं. येसूबाईंच्या नावाची स्वतंत्र मुद्रा होती. ताराबाईंच्या नावची पत्रं पोत्याने आहेत. ती वाचली की जाणवतं, या बाया दिवसभर कामात असायच्या. आपल्या कादंबऱ्यांतल्या राण्या मात्र सारख्या खिडकीत.

---

शाहूनगरची (सोमवार, सकाळी 7:05)

खिडकी काढते. :)

कागदकिडा, पटतंय आणि घाबरायलाही होतंय. पण मग माझ्यासारखीने काय करायचं? वीरूबाईंची पत्रंच मला मिळत नाहीत. शिलालेख आणि चार ओळी. तुमच्या हिशेबाने तिच्यावर कुणी लिहायचंच नाही, म्हणजे ती त्या 'कुठल्यातरी राणी'तच राहणार.

---

रोखठोक रहिमतपूर (सोमवार, सकाळी 9:40)

धागाकर्तीने छत्रपतींच्या घराण्याबद्दल लिहिताना जबाबदारीने लिहावे. शिलालेखात 'सौभाग्यवती' आहे, 'भोसले' आहे. तरी तुम्ही दासी दासी काय लावलंय? असली पुस्तकं निघतात आणि मग लोकांच्या भावना दुखावतात. नंतर म्हणू नका सांगितलं नाही.

---

कागदकिडा (सोमवार, सकाळी 10:12)

रोखठोक, शिलालेखाचं बरोबर बोललात. धागाकर्तीनेही तेच अडलंय म्हणून सांगितलंय. पण दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात ना? दासी म्हणून आली, आणि स्वतःच्या नावाने सौभाग्यवती म्हणवून दगडावर कोरून घेतलं. यात कमीपणा कुठे आहे? मला तर ही या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात मोठी उडी वाटते.

---

संपादक (सोमवार, सकाळी 11:00)

सदस्यांना विनंती, मतभेद विषयापुरते ठेवावेत. एक प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. चर्चा चांगली चालली आहे, चालू द्या.

---

मिरजेचा तंबोरा (सोमवार, दुपारी 2:30)

अडवलेली जागा भरतो.

आमच्या मिरजेत वासुदेवशास्त्री खरे होऊन गेले. शाळेत संस्कृत शिकवायचे आणि उरलेला वेळ पटवर्धनांच्या दप्तरात घालवायचे. त्यातून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड निघाले. मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे, गाण्यातला. पण आमच्या वडिलांकडे दोन खंड होते, पावसाळ्यात दुसरं काही नसलं की ते वाचायचो. मोहिमेवरचा सरदार घरी पत्र लिहितो, त्यात तोफा, रसद, नदीला उतार आहे की नाही, आणि मध्येच घरच्यांची खुशाली. लगेच पुन्हा तोफा. आपली सगळी कादंबरी त्या खुशालीच्या एका ओळीतून काढायची असते. तेवढी ओळ खरी आहे याचा आधार वाटतो.

शाहूनगरची, तुमच्या गोष्टीला शेजारी दुसरी एक गोष्ट आहे, तिकडे बघा. सकवारबाई. शाहूंची राणी. 15 डिसेंबर 1749 ला शाहू गेले आणि ती सती गेली. ग्रँट डफ साताऱ्यालाच रेसिडेंट होता, त्याने 1826 साली छापलेल्या इतिहासात सरळ लिहिलं की नानासाहेब पेशव्यांनी डाव टाकून तिला चितेवर चढायला भाग पाडलं. ती विरोधात होती, मोकळी राहिली असती तर जड गेली असती. दुसरी बाजू म्हणते की डफला पेशव्यांविरुद्ध ऐकायला आवडायचं, ती आपल्या मनाने गेली.

आता कादंबरीकार काय करतो? एक बाजू उचलतो. मग एक तर नानासाहेब राक्षस, नाहीतर सकवारबाई देवी. मला विचाराल तर तिसरी जागा आहे. तिच्या दाराबाहेर एखादी कुणबीण, म्हणजे विकत घेतलेली दासी, उभी असेलच. आत कोण गेलं, किती वेळ होतं, बाहेर येताना तोंड कसं होतं, एवढंच तिला दिसणार. आत काय बोलणं झालं ते ऐकू येणार नाही. ती कुणबीण तुमची. तिला नावही तुम्हीच द्या, कारण कागदात तिच्या वाट्याला नाव नाही, खरेदीची रक्कम येते. तिच्या डोळ्यांनी लिहिलंत तर कागदकिडासाहेबांनाही बोलायला जागा राहणार नाही.

---

कागदकिडा (सोमवार, दुपारी 3:02)

बोलायला जागा मी काढतोच. पण कुणबिणीची कल्पना मान्य. मनापासून.

---

आज्जीची गोधडी (सोमवार, संध्याकाळी 6:18)

छान चर्चा. वाचनखूण साठवली.

बारीकसारीक: त्या काळातलं लिहिताना मिनिटं-तास घालू नका हो. घटका म्हणा. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. प्रहर म्हणा. मी मागे एक ऐतिहासिक कादंबरी वाचली, त्यात राणीसाहेब "पाच मिनिटांत येते" म्हणून गेल्या. मी पुस्तक मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या एकीत गडावर पाहुण्यांना चहा!

---

तासगावचा बेदाणा (सोमवार, रात्री 9:47)

नमस्कार ताई. आपण काय इतिहासातलं माणूस न्हाई, द्राक्षबागवाला. पण वडिलांनी मोट हाकलीय आणि मी लहानपणी नाड्यावर बसलोय, म्हणून राहवलं नाही.

तुमचे बैल गोल फिरत्यात. मोटेचे बैल गोल फिरत नाहीत. गोल फिरतो तो रहाटाचा नाहीतर तेलाच्या घाण्याचा. मोटेला धाव असते, म्हणजे विहिरीपासून लांब जाणारा उतार. बैल त्या उतारानं खाली जात्यात, तवा मोट वर येती. मोटकरी नाड्यावर बसतो, वजन पडावं म्हणून. मोटेला दोन दोर. जाड तो नाडा, तोंडाला. बारीक तो सोंदूर, सोंडेला. मोट काठाला आली की सोंदरानं सोंड थारोळ्यात, म्हंजे काठावरच्या कुंडीत, वढली जाती आणि पाणी भस्सकन पडतं, तिथनं पाटाला. मग बैल मागं मागं सरत वर यायचं. पाठमोरं. नवा बैल असला की हेच शिकत न्हाई, तोंड फिरवून यायला बघतो. वडील सांगायचे, बैलाला पुढं जायला कुणीबी शिकवतंय, मागं सरायला शिकवलं तर तो मोटकरी.

आता तुमच्या बाईसाहेबांचं. बारा मोटा म्हणजे कमीत कमी चोवीस बैल. धरा की. बारा मोटकरी. चोवीस बैलांना वैरण, पेंड. कातडी मोट, तिला तेल द्यावं लागतं, फाटली की चांभाराकडं. नाडा झिजतो, तुटला की मोट विहिरीत आणि बैल तोंडावर. आमराईला पाळीनं पाणी, कुणाची पाळी कधी त्यावरून भांडणं. पाच वर्षं बांधकाम चाललं म्हणता, तर दगड कुठनं, पाथरवट किती, चुना कोण मळत होतं? एवढं सगळं जिच्या नावावर चालतंय ती बाई खिडकीत उभी राहून रडायला रिकामी कवा असायची?

चुकलं असंल तर माफी. ताई म्हणून बोललो.

---

मिरजेचा तंबोरा (सोमवार, रात्री 9:59)

काय राव! धागा वसूल.

---

कागदकिडा (सोमवार, रात्री 10:20)

बेदाणा, तुम्ही इतिहासातलं माणूस नाही हे मागे घ्या. मी आयुष्यभर मोडीत 'मोट', 'थळ', 'पाटस्थळ' वाचत आलो, पण बैल पाठमोरा सरतो हे मला आज कळलं. त्या बाईची पत्रं नाहीत म्हणून आम्ही हात वर केले होते. तिची विहीर हेच तिचं पत्र आहे, आणि ते वाचायला मोडी लागत नाही, मोट लागते.

---

शाहूनगरची (सोमवार, रात्री 11:30)

बेदाणादादा, माफी कसली? मी सदतीस वर्षं बँकेत लेजर जुळवत बसले, आणि माझ्या नायिकेच्या विहिरीचा जमाखर्च मांडायचं मला सुचू नये! चोवीस बैल वाचून मी खरंच वही काढली. वैरणीचा हिशेब मांडला. नवरा म्हणाला, "आता बैलांनाही वाढणार का?"

आज एक गोष्ट पक्की झाली. मी वीरूबाईंना काय 'वाटलं' हे शोधत होते. ते सापडणार नाही आणि बनवलं तर खोटं वाजेल. त्यांनी काय केलं, रोज काय करावं लागत असेल, ते मात्र विहिरीच्या दगडादगडात आहे.

येसूबाईंची भेट लिहिणार आहे, पण दोघींना बोलायला लावणार नाही फारसं. तंबोराभाऊ, कुणबीण दारात उभी करतेय.

---

वेण्णाकाठ (मंगळवार, दुपारी 1:10)

शाहूनगरची, थोडं अवांतर करते, रागावू नका. तुमच्या वीरूबाईंच्याच काळात, त्याच साताऱ्यात, दुसरी एक बाई होती आणि तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तरी माझी तक्रार आहे.

ताराबाई. तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची लेक, जन्म 1675. मार्च 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले, तेव्हा पंचविशीची. पुढची सात वर्षं तिने औरंगजेबाला दमवलं. घोड्यावर बसलेलं चित्र, हातात तलवार, वगैरे. मी वाचलेल्या बहुतेक कादंबऱ्या, पाहिलेली नाटकं 1707 ला पडदा टाकतात. औरंगजेब मेला, जिंकलो, टाळ्या.

पण बाई गेली 1761 च्या डिसेंबरात. शहाऐंशी वर्षांची होऊन. मधली चौपन्न वर्षं कुणाला नकोच असतात. कारण त्यात ती चांगली 'दिसत' नाही. शाहू परत आले तर तोतया म्हणाली. 1714 मध्ये तिच्याच सवतीने, राजसबाईने, पन्हाळ्यावर तिला आणि तिच्या मुलाला अटकेत टाकलं. 1731 मध्ये वारणेचा तह झाला त्या सुमारास शाहूंनी तिला साताऱ्यात आणून ठेवलं, म्हणजे मान देऊन नजरेखाली. कुणी म्हणेल संपली बाई. तर 1749 ला शाहू गेल्यावर हिने रामराजा पुढे आणला, हा माझा नातू, लपवून वाढवला होता म्हणून. गादीवर बसवला. तो ऐकेना, तर 1750 च्या चंपाषष्ठीला त्याला अजिंक्यताऱ्यावर बोलावून घेतलं आणि दरवाजे लावले. पंच्याहत्तर वर्षांची होती! पेशव्याच्या फौजा आल्या, गायकवाड तिच्या बाजूने आले आणि अडकले, ही गडावरून हलली नाही. 1752 मध्ये जेजुरीच्या खंडोबापुढे शपथेवर म्हणाली की रामराजा माझा नातू नव्हेच.

आता सांगा, आधी खोटं बोलली की नंतर? नातू खरा असेल तर देवापुढे खोटी शपथ घेतली. नसेल तर अख्ख्या राज्याला दोन वर्षं फसवलं. कुठल्याही बाजूने बघा, ही बाई कॅलेंडरवरच्या चित्रात मावत नाही.

मी रोज अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाते. वर मंगळाईच्या देवळापाशी दम घ्यायला बसते. जानेवारी 1761 ला पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब गेले. ती बातमी कानावर आली तेव्हा ही म्हातारी जिवंत होती. ज्याच्याशी अकरा वर्षं भांडली तो तिच्या डोळ्यांदेखत खचून मेला. काय वाटलं असेल? (माहितेय, कागदकिडा, 'वाटलं' विचारायचं नाही.) पण मला त्या म्हातारीवर कादंबरी वाचायचीय. तरुणीवर पुष्कळ झाल्या.

---

कागदकिडा (मंगळवार, दुपारी 1:45)

विचारा. इथे विचारलं तर चालेल, कारण अलीकडे-पलीकडे कागद इतके आहेत की वाटणं फार भरकटणार नाही. दोन्ही काठ पक्के असले की मधल्या पाण्यात पोहता येतं. वीरूबाईंना एकच काठ आहे, म्हणून आरडाओरडा केला.

आणि शपथेचं म्हणाल तर ज्याने त्याने आपापल्या सोयीचं खोटं निवडलंय. इतिहासकारांनीही. मी रामराजा खरा नातू होता असं मानतो, पण यावर स्वतंत्र धागा काढा, इथे ताईंची विहीर बुजेल.

---

रोखठोक रहिमतपूर (मंगळवार, संध्याकाळी 5:20)

वेण्णाकाठ यांचा प्रतिसाद आवडला नाही पण माहिती बरोबर आहे. आमच्या आजीला ताराराणीची सगळी गोष्ट यायची, ती जेजुरीपर्यंत सांगायची. टीव्हीवर मात्र तेवढंच दाखवतात.

शाहूनगरची यांना: लिंबला माझे मामा असतात. विहिरीवर जाणार असाल तर कळवा, ते आतून दाखवतील. मामांच्या लहानपणी तिथे मोट चालू होती.

---

शाहूनगरची (मंगळवार, संध्याकाळी 5:58)

रोखठोक, हे सगळ्यात अनपेक्षित आणि सगळ्यात मोलाचं. शनिवारी येते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

शाहूनगरची (शनिवार, रात्री 9:15)

जाऊन आले. मामा एकदम गोड माणूस. त्यांनी मला विहिरीच्या काठावर उभं केलं आणि पायाखाली बघा म्हणाले. आजवर मी दहा वेळा तिथे गेले असेन, दर वेळी नजर खाली पाण्यात किंवा समोर महालाकडे. पायाखाली कधीच नाही. काठाच्या दगडाला खाचा आहेत, दोर घासून घासून झालेल्या. बोट घातलं तर बोट बसतं, आतून गुळगुळीत, देवळाच्या उंबऱ्यासारखा. मामा म्हणाले, "हे कुणी कोरलं न्हाई. हे पाणी काढून झालंय."

मी तिथेच बसले. फोटो काढणारी एक जोडी "काकू जरा बाजूला" म्हणाली, तेव्हा उठले.

मग घरी येऊन तुकडा नव्याने लिहिला. घ्या:

*"वीरूबाई थारोळ्याशी थांबल्या. सातव्या मोटेचं निम्मं पाणी वर येता येताच गळत होतं.*

*'कातडं कधीचं?'*

*मोटकरी नाड्यावरून उतरला, मुजऱ्याला वाकला.*

*'मुजरा राहू दे. कातडं कधीचं?'*

*'गेल्या दसऱ्याचं, बाईसाहेब.'*

*बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. त्याने वही उघडली नाही. म्हणजे त्याला आधीपासून ठाऊक होतं. दसऱ्याला बारा नव्या मोटांचे पैसे खर्ची पडले होते."*

---

मिरजेचा तंबोरा (शनिवार, रात्री 9:31)

अरे वा. आता कारकुनाचं काय होतं ते वाचल्याशिवाय झोप येणार नाही.

---

कागदकिडा (शनिवार, रात्री 9:40)

यातली एकही ओळ मला कुठल्या कागदात दाखवता येणार नाही. तरी हरकत नाही.

---

तासगावचा बेदाणा (शनिवार, रात्री 10:26)

ताई, लै भारी. बैल आता बरोबर चालले.

फकस्त एक. मोटकरी मधीच नाड्यावरनं उतरला तर भरलेली मोट घेऊन बैल मागं वढले जातील की. त्याला आधी मोट वर आणू द्या, पाणी थारोळ्यात पडू द्या, बैल मागं सरू द्या. मग बाईसाहेबांनी विचारावं काय विचारायचं ते.

---

शाहूनगरची (शनिवार, रात्री 10:29)

थांबवते बाईसाहेबांना.